सोव्हिएत सैन्यातल्या बायकांचे हुद्दे: आधी साल बघा, मग कॉलर

फोटोखालची ओळ वाचून तुम्ही विचारलंय की 'लष्करी डॉक्टर, तिसरी रँक, १९४२' म्हणजे या बाईंना बाई म्हणून शेवटच्या पायरीवर बसवलं का, आणि विमानं उडवणाऱ्या मुली नुसत्या सार्जंट कशा काय. दोन्ही ठिकाणी आधी साल बघायचं, मग कुठल्या खात्यातल्या आहेत ते, बाई-पुरुष हे त्यानंतर.

तिसरी रँक म्हटलं की आपल्याला रेल्वेचा थर्ड क्लास आठवतो, पण ही कॅप्टनच्या बरोबरीची. दुसरी रँक म्हणजे मेजर आणि पहिली त्याच्याही वर, म्हणजे आकडा लहान तितका हुद्दा मोठा. त्या काळात मेडिकलवाले, टेक्निकल लोक, कोठारवाले, राजकीय शिक्षक यांना कोणी लेफ्टनंट-कॅप्टन म्हणतच नसे, प्रत्येक खात्याची आपली वेगळी नावं. डॉक्टर असेल तर 'व्होयेनव्राच', राजकीय शिक्षक असेल तर 'पोलितरुक'. आणि आघाडीवरच्या डॉक्टरांत साधारण ४० टक्के बायका होत्या, त्यामुळे अशा 'तिसऱ्या रँकवाल्या' बाई जुन्या फोटोंत भरपूर सापडतात, तुमच्या या काही विशेष नाहीत (रागावू नका, हुद्द्यापुरतं म्हणतेय).

आता फोटो झूम करून कॉलर बघा. १९४३ च्या आधी खांद्यावर काही नसायचं, सगळं कॉलरच्या पट्टीवर. छोटे चौकोन असतील तर ज्युनियर लेफ्टनंट एक, लेफ्टनंट दोन, सीनियर लेफ्टनंट तीन. लांबट आयत असेल तर त्याला ते 'श्पाला' म्हणायचे, म्हणजे रुळाखालचा स्लीपर, आणि दिसतोही अगदी तसाच. एक श्पाला कॅप्टन, दोन मेजर. तुमच्या फोटोत एक श्पाला आणि शेजारी वाटीला वेटोळं घातलेला साप, म्हणजे मेडिकलवाल्यांची खूण, दिसला तर विषय संपला, तिसऱ्या रँकची डॉक्टर.

जानेवारी १९४३ मध्ये खांद्यावरच्या पट्ट्या आल्या, त्यांना 'पगोनी' म्हणतात, आणि मग डॉक्टर बाई झाल्या 'कॅप्टन, मेडिकल सर्व्हिस'. त्यांची पट्टी लढणाऱ्यांपेक्षा अरुंद असायची, फोटो ओळखायला ही खूण भारी उपयोगी. आणि एक गंमत, क्रांतीनंतर 'ऑफिसर' हा शब्दच वाईट झाला होता, झारच्या सैन्याचा वास यायचा त्याला, म्हणून लाल सैन्यात सगळे 'कमांडर'. ऑफिसर हा शब्द परत रुळला तो याच सुमाराला. त्यामुळे १९४२ च्या फोटोला 'सोव्हिएत महिला ऑफिसर' असं कॅप्शन दिलं की मला उगाच खटकतं.

आता सार्जंट मुली. डिसेंबर १९४० मध्ये संरक्षण खात्याचे प्रमुख तिमोशेन्को यांनी हुकूम काढला की फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडणाऱ्याला लेफ्टनंट नाही, सार्जंट करायचं. हा पुरुषांनाही लागू होता आणि त्यांनीही भरपूर बोटं मोडली असणार. म्हणून लिदिया लित्व्याक सप्टेंबर १९४२ मध्ये स्तालिनग्रादवर लढाऊ विमान उडवत होती तेव्हा सार्जंटच होती, ज्युनियर लेफ्टनंट नंतर झाली आणि १ ऑगस्ट १९४३ ला गेली, वय २१. मारिया ओक्त्याब्रस्काया तर स्वतःचं किडूकमिडूक विकून घेतलेला टी-३४ रणगाडा चालवायची, तरी सार्जंट, कारण चालक-मेकॅनिकची जागाच सार्जंटची.

उलट बाजूही बघा. मरिना रास्कोवाने १९४१ मध्ये बायकांच्या तीन विमान रेजिमेंट उभ्या केल्या, ती मेजर होती. त्यातली रात्री बॉम्ब टाकणारी रेजिमेंट पो-२ वर उडायची, लाकूड-कापडाचं ट्रेनिंगचं विमान हो, आणि तिथे पायलटपासून बॉम्ब लटकवणाऱ्यापर्यंत सगळ्या बायका. तिची कमांडर येवदोकिया बेर्शान्स्काया युद्ध संपेपर्यंत लेफ्टनंट कर्नल झाली आणि सुव्होरोव्ह पदक मिळालेली ती एकमेव बाई. ते पदक शौर्याचं नसतं, फौज चालवण्याचं असतं, म्हणून मला ते 'सोव्हिएत युनियनचा हिरो' या शौर्याच्या किताबाच्या तारेपेक्षा जास्त बोलकं वाटतं. बाकीच्या दोन रेजिमेंटची कमान मात्र पुढे पुरुषांकडे गेली. आणि वालेन्तिना ग्रिझोदुबोवा? कर्नल, आणि तिच्या लांब पल्ल्याच्या रेजिमेंटमध्ये पुरुष. पुरुषांनी तिचे हुकूम ऐकले, काही आभाळ कोसळलं नाही.

मग बाई असल्याचा फरक पडायचाच नाही का, तर पडायचा, पण दुसरीकडे. १९४३ मध्ये र्‍याझानच्या इन्फंट्री स्कूलने १३०० हून जास्त मुलींना कमांडर म्हणून शिकवून बाहेर काढलं, रायफल, मशीनगन, मॉर्टर सगळं, आणि ज्या महिला रायफल ब्रिगेडचा एवढा गाजावाजा झाला होता ती पिछाडीची राखण करत बसली आणि १९४४ मध्ये मोडली. स्नायपर ल्युद्मिला पाव्लिचेन्को ३०९ शत्रू टिपून लेफ्टनंट म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेला गेली तर पत्रकार तिला स्कर्टची लांबी विचारत होते. आणि युद्धात जनरल एकही बाई झाली नाही. पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवा अंतराळात जाऊन आली तरी तिला मेजर जनरल व्हायला १९९५ उजाडलं, तोवर सोव्हिएत युनियनच उरलं नव्हतं.

तुम्ही जुन्या याद्यांमध्ये नाव शोधणार असाल तर एक सांगून ठेवते. रशियनमध्ये हुद्द्याला स्त्रीलिंग नाही, बाईलाही 'कॉम्रेड कॅप्टन'च, आपल्याकडे 'मेजर आल्या' म्हणताना क्रियापद तरी सांगतं. आडनावाचाही भरवसा नाही, पाव्लिचेन्को, लित्व्याक, यावरून काही कळत नाही. येवदोकिया झवालीच्या कागदावर नाव अर्धवट 'येवदोक.' असं लिहिलेलं, केस कापलेले, अंगावर पुरुषाचे कपडे, तर मरीनवाल्यांनी (नौदलाच्या पायदळाने) तिला 'येवदोकिम', म्हणजे पुरुष, समजून नेलं आणि आठ महिने कोणाला पत्ता नाही, जखमी होऊन दवाखान्यात गेली तेव्हा कळलं. पुढे ती ज्युनियर लेफ्टनंटचा कोर्स करून आली आणि पुरुषांच्याच प्लाटूनची कमांडर झाली. म्हणून यादीत मधलं नाव बघायचं, वडिलांचं, ते 'ओव्ना' किंवा 'येव्ना' ने संपलं की बाई. फोटोच्या मागे शाईने काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो टाका, रशियन हस्ताक्षर मला बऱ्यापैकी लागतं.