पॅपी 23 घ्यावी का? बाटली नको, पेग चालेल

प्रश्न थोडक्यात असा: माझे अमेरिकेतले मेहुणे पॅपी व्हॅन विंकल या बर्बनची (मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची) 23 वर्षांची बाटली मिळवून देऊ शकतात, पण छापील किमतीच्या कित्येक पट भावाने. चवीच्या हिशेबात ती तेवढ्याची आहे का?

नाही. खरं तर फुकट मिळाली तरी त्याच घराण्यातली 15 वर्षांची तुम्हाला जास्त आवडण्याची शक्यता बरीच आहे.

इथे स्कॉचची सवय नडते. स्कॉच बहुतेक करून आधी वापरलेल्या पिपात, थंड हवेत मुरते, म्हणून 25 वर्षंही पचवते. बर्बनला कायद्यानेच ओकची नवीकोरी, आतून जाळलेली पिपं लागतात, आणि ती मुख्यतः बनते त्या केंटकीचा उन्हाळा चांगला कडक. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते. व्हॅनिला, कॅरमेल, रंग हे सगळं पहिल्या काही वर्षांतच भरपूर उतरतं. त्यानंतर लाकडाकडे द्यायला प्रामुख्याने तुरट टॅनिन उरतं. (गोव्यात पॉल जॉन व्हिस्कीचा माल पाच-सात वर्षांत तयार होतो तो उन्हामुळेच.)

शिवाय पिपातून उडून जाणारा माल वेगळाच. पीप साधारण 200 लिटरचं. वर्षाला 4 टक्के धरले तर 23 वर्षांनी 78 लिटर उरतात. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर उकाड्याने पाणी जास्त उडतं, त्यामुळे उरलेली दारू कडक होते आणि लाकडाचा अर्कही दाट होतो. म्हणून इतकी जुनी पिपं सहसा खालच्या, गार जागेतली निवडतात. बफेलो ट्रेस या केंटकीतल्या भट्टीने तर 2018 मध्ये सुमारे 7 अंशांवर ठेवलेलं वातानुकूलित गोदाम सुरू केलं; 2023 ची 10,000 डॉलरची ईगल रेअर 25 ही बर्बन त्यातलीच. म्हणजे बर्बन इतकी वर्षं आपली आपण टिकत नाही, तिला फ्रिजमध्ये घालावं लागतं, हे बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. वाइल्ड टर्की बर्बन बनवणारे जिमी रसेल 1954 पासून या धंद्यात. तेही 8 ते 12 वर्षांच्या मालालाच पसंती देतात.

लाकूड जास्त झाल्याची खूण सोपी आहे. वास उत्तम येतो: खजूर, चामडं, जुनं लाकडी कपाट. घोट घेतल्यावर मध्येच गोडी तुटते आणि हिरड्या आवळतात, कच्चं केळं चावल्यासारख्या. शेवट फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाचा. पाणी घातल्याने झणका कमी होतो, तुरटपणा तसाच राहतो. पॅपी 23 नेहमी अशीच लागते असं नाही, पण दर वर्षीचा माल वेगळा असतो आणि तुम्ही त्यावर जुगार खेळणार.

आता नावाचं. ही कीर्ती मुळात लुईव्हिलजवळच्या स्टिट्झेल-वेलर भट्टीची. ती 1992 मध्ये बंद झाली. आज बाजारात येणाऱ्या 15, 20, 23 वर्षांच्या बाटल्यांत तिथली दारू नाही. 2002 पासून हे काम बफेलो ट्रेसकडे आहे, आणि तिथे ज्या कृतीने (मका, राय या धान्याऐवजी गहू, बार्लीचा माल्ट) पॅपी बनते त्याच कृतीने वेलर ही बर्बन बनते. फरक पिपांच्या निवडीचा आणि वयाचा.

म्हणून मेहुण्यांना सांगायचंच असेल तर वेलर 12 (45 टक्के) आणि वेलर अँटिक 107 (53.5 टक्के) सांगा. दुकानाच्या भावाने मिळाल्या तर. यांच्यावरही आता दलाल बसलेत. दोन्ही समसमान मिसळल्या की 49 टक्क्यांच्या आसपासचं मिश्रण होतं. अँटिक 60 आणि 12 वर्षांची 40 हे प्रमाणही चालतं, ते जरा तिखट. बाटलीत मिसळून आठवडाभर ठेवा, ताजं मिश्रण विस्कळीत लागतं. याही मिळाल्या नाहीत तर मेकर्स मार्क किंवा लार्सनी. दोन्ही गव्हाच्याच.

एवढं करूनही पॅपीचा मोह सुटत नसेल तर बारमध्ये एक पेग घ्या, पण लेबल न बघता. सोबत्याला तीन ग्लासांत 15-15 मिली ओतायला सांगा, दोनांत एक दारू, तिसऱ्यात दुसरी, खुणा ग्लासांच्या बुडाला. 15 मिनिटं थांबून वेगळा ग्लास ओळखा, मगच आवडनिवड ठरवा. लोक इथे घसरतात ते ताकदीवर: कडक ग्लास नेहमी ‘जास्त चवदार’ वाटतो. आधी दोन्ही एका पातळीवर आणा. 53.5 टक्क्यांच्या 30 मिलीत पावणेसहा मिली पाणी घातलं की ती 45 वर येते. औषधाची सिरिंज वापरा, अंदाजाने नको.

तरीही घेणारच असाल तर दोन गोष्टी. अमेरिकेत परवान्याशिवाय खासगी विक्री बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि पॅपीच्या रिकाम्या बाटल्यांनासुद्धा गिऱ्हाईक आहे, ते कशासाठी ते सांगायला नको. काचेवरचा बॉटलिंगचा कोड लेबलवरच्या मालाशी जुळतो का पाहा. कॅप्सूलवर (बुचावरच्या आवरणावर) सुरकुती किंवा गोंद दिसला तर हात लावू नका. दुसरं, कस्टम. दोन लिटरची सवलत सर्वांना ठाऊक असते, पण सामानाच्या एकूण किमतीलाही मर्यादा आहे, आणि अशी एक बाटली ती एकटीच ओलांडते. 2025 च्या कपातीनंतरही बर्बनवर 100 टक्के आयात शुल्क उरलं होतं. खोक्यात बिल नसेल तर किंमत कस्टमवाला ठरवेल.

आणि आलीच घरी तर उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर इतकी कडक दारू बुचाचा भुगा करते. निम्मी संपली की उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, मुंबईच्या उकाड्यात अर्धी रिकामी बाटली काही महिन्यांतच मंद पडते.