आधी फेरे, मग मत

प्रिय मित्रा,

जुन्या तबकड्यांवरची सोप्रानो (उंच स्त्रीस्वराची ऑपेरा-गायिका) पॅटी किरकिरी वाटली, टेनर (उंच पुरुषस्वराचा गायक) कारुसो घाईत वाटला, म्हणून ही जुनी मंडळी उगाच डोक्यावर घेतली आहेत का, असं तू विचारतोस. तू ऐकलेली फाइल तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांवर फिरवून उतरवली होती, ते मात्र लिहिलं नाहीस. आधी फेरे, मग मत.

मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. १९०२-०५च्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीपर्यंत कुठेही सापडतात; पाथे या फ्रेंच कंपनीच्या तर नव्वदच्या घरात. ७३.६वर मुद्रित झालेली तबकडीची बाजू ७८वर लावली की सूर अख्खा अर्धस्वर चढतो, लय सहा टक्के पळते. त्याहून वाईट म्हणजे 'आ'कार आक्रसतो आणि भरदार गळा नाकात गेल्यासारखा लागतो. किरकिर तिथून येते.

ऑपेराला छापील स्वरलिपी आहे, ही केवढी सोय! (आपल्या जुन्या ख्यालाच्या तबकड्यांत गवयाची पट्टीच ठाऊक नसते, तिथे डोकं फोडून घ्यावं लागतं.) साथीचा शेवटचा कॉर्ड (स्वरगुच्छ) ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, पाहा. 'ला बोएम' ऑपेरातली टेनरची चीज 'के जेलिदा मानिना' डी फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी एकमध्ये आहे. ७८वर ती पांढरी दोनमध्ये वाजत असेल तर ७८ला १.०५९५ने (एका अर्धस्वराचं गुणोत्तर) भाग. झाले ७३.६. संगणकावर वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरव. नुसता सूर उतरवलास तर लय पळतच राहील.

खरी गोची पुढे आहे. वरचा सी टाळायला टेनर मंडळी हीच चीज सर्रास अर्धस्वर खाली गात. मग खरा वेग ७३.६ की आणखी एक अर्धस्वर उतरवून ६९.५? अशा वेळी कानावर भिस्त ठेवू नकोस, लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाचा अनुक्रमांक) वाच. एकाच बैठकीतल्या लागोपाठच्या बाजूंचा वेग सहसा सारखा असतो. एप्रिल १९०२मध्ये मिलानच्या ग्रँड हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गने कारुसोच्या दहा बाजू घेतल्या (हाच गेसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला गौहरजानपुढे कर्णा लावून बसला). अशा संचात एका बाजूची पट्टी निर्विवाद ठरली की शेजारणींना तोच वेग लावून बघायचा. सुरुवात आणि शेवट वेगवेगळे तपास, काही बाजूंत वेग मधेच सरकतो. तेव्हाचा ए स्वर ४३५ हर्ट्झचा की ४४०चा यावर मात्र भांडत बसू नकोस. तो फरक अर्धस्वराच्या पाचव्या हिश्शाएवढाच.

तबकडी स्वतः वाजवणार असशील तर स्ट्रोबोस्कोपचा कागद (विजेच्या दिव्याखाली त्याच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) ५० हर्ट्झचा घे, ७८ला ७७ रेघांचा. अमेरिकेतला ९२ रेघांचा आपल्या दिव्याखाली ६५ फेऱ्यांवरच स्थिर दिसतो. कित्येक एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यांच्याखाली काहीच कळत नाही. एलपीची सुई तर लावूच नकोस, ती खोबणीच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. साधारण तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश) हवी, आणि आरआयएए (एलपीसाठीची ध्वनी-दुरुस्ती) बंद.

हे सगळं किचकट आहे म्हणून लोक मला नावं ठेवतात. ठेवोत. वेग न पाहता 'सुवर्णयुग' म्हणून माना डोलावणारे आणि वेग न पाहता नाकं मुरडणारे, दोघेही मला सारखेच. आधी फेरे.

फेरे ठरले की मग बाकीचं माप लाव. पॅटीने डिसेंबर १९०५मध्ये वेल्समधल्या क्रेग-इ-नॉस या आपल्या वाड्यात बाजू दिल्या तेव्हा ती ६२ वर्षांची होती. वर्दीच्या 'ओतेल्लो' ऑपेराचा पहिला नायक, टेनर तामान्यो, फेब्रुवारी १९०३मध्ये इटलीतल्या ओस्पेदालेत्तीला तबकड्यांसाठी गायला, त्याचं आयुष्य तेव्हा जेमतेम अडीच वर्षं उरलं होतं. मायक्रोफोन १९२५पर्यंत नाहीच. कर्ण्यात वरचे उपस्वर शिरत नसत, त्यामुळे सोप्रानोंचं नुकसान टेनरांपेक्षा जास्त झालं. पडताळायचं असेल तर सोप्रानो मेल्बाची १९०४ची एखादी बाजू नीट वेगावर आण आणि जून १९२६च्या तिच्या लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेराघरातल्या निरोपाच्या विद्युत (मायक्रोफोनवरच्या) मुद्रणाशेजारी ठेव. तेव्हा ती ६५ वर्षांची होती. दोन्ही ऐकून काय वाटलं ते कळव, पण पत्रात फेऱ्यांचे आकडे आधी लिही.