"आत टाका, म्हणजे सुधारेल"

व्यसनी मुलांच्या घरचे समोर बसले की एक वाक्य हमखास येतं, "मॅडम, चार महिने आत राहू दे, मग बघा कसा सरळ होतो." इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहितेच.

एक काकू यायच्या (तपशील बदललेत). मुलगा तेविशीचा, गांजा ओढायचा, त्यात आवाज ऐकू यायचे, शेजारी पाळत ठेवतात म्हणून रात्रभर येरझाऱ्या. पोलिसांनी पुडीसकट धरलं, जामीन झाला, आणि काकूंचं म्हणणं जामीन व्हायलाच नको होता. बरेच दिवस आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो, गोळ्या घेतो का, मित्र कोण, वगैरे. मग एकदा मी विचारलं, "काकू, तो लॉकअपमध्ये होता त्या रात्री तुम्ही काय केलंत?"

"झोपले. सुऱ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या नाहीत, दाराला कपाट लावलं नाही, नुसती झोपले." आणि ढसाढसा रडल्या, आई असून मला असं कसं वाटलं म्हणून.

मला तिथे सगळं उलगडलं. त्यांना पोराला शिक्षा नको होती, स्वतःला एक बिनधास्त रात्र हवी होती, आणि ती दुसऱ्या मार्गाने देता येते! आठवड्यातल्या दोन रात्री काकू बहिणीकडे झोपायला लागल्या, तेव्हा घरी त्याचा मोठा भाऊ. मी कायम अख्खं घर धरून काम करते, एकट्या पेशंटला खुर्चीत बसवून फार काही हलत नाही हे माझं पक्कं मत आहे. घर शांत झालं तसा मुलगाही बोलायला लागला, "आवाज थांबावेत म्हणून ओढतो, पण नंतर ते वाढतातच." पुढे स्वतःच म्हणाला, भरती होतो.

हे "स्वतःच" फार महत्त्वाचं, कारण एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64अ त्यावरच उभं आहे. स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला (गांजा 1 किलोपर्यंत, हेरॉईन 5 ग्रॅमपर्यंत) व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ती सूट काढून घेता येते. दोषी ठरला तरी कलम 39 खाली कोर्ट त्याला उपचारासाठी सोडू शकतं. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे झालेले मानसिक त्रासही आजारच धरलेत. आजाराच्या भरात स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वागणाऱ्याला पोलिसांनी या कायद्याखाली संरक्षणात घेतलं तर 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. आणि केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, भरतीचे कागद सगळं एका फाईलला लावून वकिलाला पहिल्या तारखेआधीच द्या.