वीज बिल भरायचं राहिलं आणि पाठोपाठ जादा डिपॉझिटचं बिल आलं, हा दंड आहे का? भरलं नाही तर लाईन कापतील का?

दंड नाहीये. बिल उशिरा भरल्याचा जो भुर्दंड असतो तो विलंब आकार आणि व्याज म्हणून पुढच्या बिलात लागून येतो. डिपॉझिटचा हिशेब वेगळा. मागच्या वर्षभराच्या बिलांची सरासरी काढून दरवर्षी ते तपासतात आणि कमी पडलं की फरक मागतात. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांपासून महिन्याला बिल येणाऱ्यांना दोन महिन्यांच्या सरासरीएवढं ठेवावं लागतं, आधी एका महिन्याचं पुरायचं, म्हणून आकडा एवढा मोठा दिसतो. तुमचं बिल त्याच सुमारास राहिलं म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखं वाटतंय.

मलाही तसंच वाटलं होतं. आमची पिठाची गिरणी आहे, 10 एचपीची मोटर, कनेक्शन सासऱ्यांच्या म्हणजे आबांच्या नावावर. 2022 च्या जूनमध्ये आबांना अर्धांगवायूचा झटका आला, दीड महिना दवाखाना, त्यात जून आणि जुलै दोन्ही बिलं राहिली. ऑगस्टमध्ये एका सकाळी वायरमन आला आणि पोलावरून वायर सोडून गुंडाळून घेऊन गेला. गिरणीत 22 डबे लागलेले होते, झाकणाखाली चिठ्ठ्या, कुणाचं भाकरीचं, कुणाचं जाडसर, आणि बायका दारात उभ्या. नोटीस कुठाय विचारलं तर म्हणे मेसेज गेलाय. तो गेला आबांच्या मोबाईलवर, जो दवाखान्याच्या पिशवीत बंद पडलेला. कापण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते हे खरं, पण हल्ली ती मोबाईलवर पाठवलेलीही चालते आणि नंबर बदलून घेतला नाही ही चूक आमचीच, ती मी मान्य करते.

ऑफिसात गेले तर खिडकीवरच्या माणसाने दोन कागद पुढे केले. थकबाकी 18,400 आणि डिपॉझिट 18,000. सगळे भरा मगच लाईन जोडू. दवाखान्याचं बिल नुकतंच भरलेलं, 36 हजार एका दमात आणायचे कुठून?

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, नोकरीला बाहेरगावी असतात. फोनवर म्हणाले, वहिनी, मी पैसे टाकतो, भरून मोकळ्या व्हा, यांच्या नादी लागू नका, डिपॉझिटचे पैसे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. मदतीला धावून आले याबद्दल मी कधीच विसरणार नाही, पण त्यांचं हे वाक्य मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पाण्यात कसे गेले? वीज कायदा 2003 च्या कलम 47 मध्ये स्पष्ट लिहिलंय की डिपॉझिटवर कंपनीने बँक दराने किंवा त्याहून जास्त व्याज द्यायचं, आणि कनेक्शन बंद केलं की बाकी कापून उरलेलं परत करायचं. ते आपलेच पैसे आहेत आणि आपल्या पैशाचा हिशेब मागायला लाज कसली.

मी बिल नीट वाचलं. सुरक्षा ठेव जमा: 0.00. शून्य कसं असेल, डिपॉझिट घेतल्याशिवाय बोर्डाच्या म्हणजे जुन्या वीज मंडळाच्या काळात कुणी मोटरला लाईन दिली असती का? आबांना तेव्हा बोलता येत नव्हतं, मी कागद दाखवला तर त्यांनी डाव्या हाताने माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यात गिरणीच्या वह्या, आणि 1996 च्या वहीत दुमडून ठेवलेली पावती, पिवळी पडलेली, हाताने लिहिलेली, खाली गोल शिक्का. 3,600 रुपये. ती नोंद कॉम्प्युटरवर चढलीच नव्हती.

थकबाकी आणि रिकनेक्शनचे पैसे मी भरले, त्याला पर्याय नव्हता. डिपॉझिटच्या नोटिशीतच सहा हप्त्यांची सोय लिहिलेली होती, ती ओळ खिडकीवर वाचून दाखवली आणि 3,000 चा पहिला हप्ता भरला, सोबत अर्ज की रक्कम मान्य नाही, जुनी पावती जोडली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईन आली. अर्जाचं मात्र महिनाभर काहीच झालं नाही, मग त्याच कंपनीच्या तक्रार कक्षाकडे गेले, तेव्हा कुठे 3,600 जमा दिसले आणि उरलेले 11,400 पाच हप्त्यांत भरून फेब्रुवारी 2023 मध्ये विषय मिटला. भाऊजी म्हणत होते 3,600 साठी किती खेटे घालणार. पण 2024 च्या उन्हाळ्यात बिलात ठेवीवरचं व्याज बाराशेच्या आसपास वजा होऊन आलं, तो फोटो मी त्यांना पाठवला. एवढं व्याज दरवर्षी मिळणार असेल तर ते पाण्यात गेलेले पैसे नव्हेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

तर तुमचं. राहिलेलं बिल आधी भरा, त्यात वाद घालू नका, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं चालू कनेक्शनला होत नाही. मग बिलावर जमा ठेवीचा आकडा बघा आणि जुनी पावती शोधा. अर्ज दोन प्रती करून द्या, एकीवर इनवर्डचा म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि तारीख घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नाही. ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात. वकील लागत नाही.

आणि हो, डिपॉझिट भरायचंच नाही असं ठरवू नका. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत भरलं नाही तर त्यावरूनही लाईन तोडायचा अधिकार कंपनीला आहे. बिलाच्या रकमेवर वाद असेल तर कलम 56 प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, जे कमी असेल ते अंडर प्रोटेस्ट म्हणजे हरकत नोंदवून भरलं की वाद मिटेपर्यंत कापता येत नाही, पण ते बिलाबद्दल आहे. प्रीपेड मीटर असेल तर डिपॉझिट मागताच येत नाही. हे सगळं महाराष्ट्राचं सांगतेय, मुंबईत कंपन्या वेगळ्या असल्या तरी नियम करणारा वीज नियामक आयोग एकच, गोव्यात आयोग वेगळा आहे.

कनेक्शनवर मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही आजच बघून घ्या.