पेशंट गेला आणि मला काहीच वाटलं नाही

प्रश्न: मॅडम, मी डॉक्टर आहे, रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलमधल्या पीजी ट्रेनिंगच्या) दुसऱ्या वर्षाला. परवा पहाटे एक आजोबा गेले, मुलगी रडत होती आणि माझ्या डोक्यात फक्त डेथ सर्टिफिकेट कधी लिहून होतंय एवढंच. मी दगड झालेय का?

उत्तर: अगं दगड झाली असतीस तर हे लिहिलंच नसतंस. सलग ड्युट्या, झोप नाही, वर रोज कोणाचं तरी दुःख अंगावर घ्यायचं, मग मन आपोआप शटर ओढून घेतं, याला कम्पॅशन फटीग म्हणतात. बर्नआउट याचा सख्खा भाऊ: थकवा, कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. डब्ल्यूएचओने 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउटला आजार नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हटलंय, म्हणजे दोष फक्त तुझा नाही. त्यामुळे नुसतं 'योगा कर' सांगणाऱ्यांचा मला रागच येतो, आधी रोस्टर नीट करा की!

तोवर एक कर. पेशंट गेला की पुढच्या बेडकडे पळायच्या आधी अर्धा मिनिट थांब, त्याचं नाव मनात घे. नाइटनंतर आधी झोप, थीसिस नंतर. आणि दोनतीन को-रेसिडेंट मिळून आठवड्यातून एकदा अवघड केसबद्दल बोला, उपचारांबद्दल नाही, आपल्याला काय वाटलं त्याबद्दल. मनोविश्लेषक मायकल बॅलिंट यांनी 1950च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे असेच गट सुरू केले होते.

झोप मिळूनही सुन्नपणा जात नसेल किंवा जगणंच नको वाटायला लागलं तर मात्र त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टला गाठ, वॉर्डात कोण काय म्हणेल ते गेलं उडत.