‘एनीवन कॅन व्हिसल’: नऊ प्रयोगांच्या नाटकाचा अल्बम

तुम्ही विचारलंय की ब्रॉडवेच्या एखाद्या न चाललेल्या म्युझिकलचा, म्हणजे संगीत नाटकाचा, मूळ कास्ट अल्बम (त्यातल्याच नटसंचाने गायलेल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण) बऱ्याच वर्षांनी पुन्हा ऐकून कुणाचं मत बदललंय का, आणि नाटक न बघता नुसती गाणी ऐकण्यात काही हशील आहे का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये! ‘नाथ हा माझा’ येता-जाता गुणगुणणाऱ्या किती जणांनी ‘संगीत स्वयंवर’ रंगमंचावर पाहिलंय? नाटक मागे पडतं, पदं उरतात. आपल्याकडे शंभर वर्षं हेच चाललंय.

माझं मत बदललं ते ‘एनीवन कॅन व्हिसल’बद्दल. गाणी आणि संगीत स्टीफन सॉन्डहाइमचं, संहिता आणि दिग्दर्शन आर्थर लॉरेंट्सचं. 4 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात शुभारंभ झाला आणि 11 तारखेला, नवव्या प्रयोगानंतर, गाशा गुंडाळला. त्याच हंगामात ‘हॅलो, डॉली!’ आणि ‘फनी गर्ल’ जोरात चालली होती. म्हणजे लोक म्युझिकलला जात होते, याला जात नव्हते. इतक्या कमी प्रयोगांत बंद पडलेल्या नाटकाचं ध्वनिमुद्रण करायला कोलंबिया रेकॉर्ड्स करारानं बांधील नव्हती. पण तिथे कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लिबरसन होते. शनिवारी नाटक बंद पडलं आणि रविवारी त्यांनी अख्ख्या संचाला स्टुडिओत उभं केलं. आदल्या रात्री काम गेलेली माणसं गातायत, हे ठाऊक असलं की अल्बम ऐकताना उगाच गलबलतं. मलाही गलबलायचं, आणि गोंधळ तिथेच झाला.

माझ्याकडे हा अल्बम आला तो मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेल्या एका एमपीथ्री सीडीवर. फायलींना क्रमांक नव्हते, त्यामुळे कॉम्प्युटरने गाणी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली. ‘अ परेड इन टाउन’ अगदी वर. मी कितीतरी वर्षं ते सुरुवातीचं गाणं समजत होते. गावात बँड आलाय, अँजेला लॅन्सबरी खूश होऊन गातेय, झालं! कथानक मी मनानेच रचलं होतं आणि ते बऱ्यापैकी बसतही होतं. निष्कर्ष ठरलेला: ही एक थोर कलाकृती, आणि 1964 चे प्रेक्षक अडाणी.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये सॉन्डहाइम गेले, तेव्हा ती सीडी आठवली. तोवर या नाटकाचं संपूर्ण ध्वनिमुद्रणही आलं होतं. त्याचं काम 1997 मध्ये झालं आणि ते बाहेर यायला 2020 उजाडलं. त्यात निवेदन खुद्द लॉरेंट्स यांचं आहे, त्यामुळे गोष्ट प्रथमच क्रमाने कळली.

दिवाळखोरीत निघालेलं एक गाव. महापौर कोरा हूवर हूपर (हीच अँजेला लॅन्सबरी) आणि तिचे साथीदार खडकातून पाणी काढून चमत्काराचा बनाव रचतात, म्हणजे यात्रेकरू येतील आणि पैसा येईल. तिथल्या मनोरुग्णालयातली परिचारिका फे ॲपल आपल्या 49 रुग्णांना तीर्थ पाजायला घेऊन येते. ते बरे झाले नाहीत तर बिंग फुटणार! धांदलीत रुग्ण गर्दीत मिसळतात आणि शहाणा कोण, वेडा कोण ते कुणालाच कळेनासं होतं. मग हॅपगुड नावाचा एक गृहस्थ येतो. लोक त्याला डॉक्टर समजतात आणि तो सगळ्यांची तपासणी करून दोन गट पाडतो: ‘गट अ’ आणि ‘गट एक’. यातला शहाण्यांचा कोणता, ते मात्र सांगत नाही. (अ आणि एक, म्हणजे दुसरा नंबर कुणाचाच नाही. हा विनोद मला अजून पुरतो.)

हा तपासणीचा प्रवेश म्हणजे ‘सिंपल’, नाटकात सुमारे 13 मिनिटांचा. शेवटी हॅपगुड थेट प्रेक्षकांकडे बघून म्हणतो, तुम्ही सगळे वेडे आहात. अंधार होतो, पुन्हा प्रकाश येतो तेव्हा रंगमंचावर थिएटरच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्यांत बसलेले नट प्रेक्षकांकडे बघून हसत टाळ्या वाजवत असतात. कागदावर झकास. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला पहिल्याच अंकाच्या शेवटी हे ऐकवायचं, आणि पुढे आणखी दोन अंक! संपूर्ण आवृत्ती ऐकताना मलाच चिडल्यासारखं झालं. संवाद स्वतःच्या हुशारीवर खूश आहेत. अल्बममध्ये हे बहुतेक गळून जातं, दोन गाण्यांच्या मधला, तोल जाणारा भाग कापलेलाच असतो. म्हणजे 1964 चे प्रेक्षक इतके काही अडाणी नव्हते. मी ऐकलं ते नाटक नव्हतंच, त्याची मलई होती.

पण गाणी मात्र आता जास्त आवडली. ‘मी अँड माय टाउन’ मला पूर्वी जुन्या नाइटक्लब गाण्यांची निव्वळ नक्कल वाटायची: मागे चार पोरं ठेका धरतायत, मध्ये कोरा ठुमकतेय. आता कळलं की कोराला स्वतःचा सूरच नाही. ती बोलते तेच तमाशेवाल्या चमचमाटात. स्वतःचे सूर फे आणि हॅपगुडला दिलेत. कोराचा मुखवटा सरकतो तो ‘अ परेड इन टाउन’मध्ये, दुसऱ्या अंकात. मिरवणूक दुसऱ्याची, हॅपगुडची आहे. गाव तिला सोडून त्याच्यामागे गेलंय आणि मिरवणूक होती का इथं, असं ती विचारतेय. हे गाणं मी आनंदाचं म्हणून वर्षानुवर्षं स्वयंपाक करताना लावत आले. काय म्हणावं!

शीर्षकगीत फेचं. ते काम करणारी ली रेमिक सिनेमातली नटी, गळा तयार नाही. पूर्वी वाटायचं, इथे खरी गायिका हवी होती. अवघड ते सगळं मला जमतं, शीळ घालण्यासारखं सोपं तेवढं जमत नाही, असं सांगणारं हे गाणं आहे. रेमिक प्रत्येक सूर जपून ठेवते, ओल्या फरशीवर पाऊल टाकावं तसा. डॉन वॉकरने बांधलेल्या वाद्यवृंदात व्हायोलिनं नाहीत, पाच चेलो आहेत, त्यामुळे खाली मऊ, जाड अस्तर लागतं आणि वर तो बिचकता आवाज. पुढे कितीतरी तयार गळ्यांनी हे गाणं गायलंय. ऐकताना वाटतं, बाई, तुला शीळ नक्की येत असणार.

ऐकायचंच असेल तर आधी 1964 चा अल्बमच ऐका, सीडीवाली आवृत्ती शोधून. ‘देअर वोन्ट बी ट्रम्पेट्स’ हे गाणं शुभारंभाआधीच नाटकातून काढलं होतं. ध्वनिमुद्रण केलं, पण एलपीवर घेतलं नाही, सीडीवर मात्र आहे. संपूर्ण आवृत्ती त्यानंतर. आणि फायली असतील तर आधी क्रमांक घाला.