दीडशे ड्रॉइंग्ज एकेक उघडून छापण्याऐवजी ऑटोकॅडमधून एकदम कशी छापायची?

तुम्ही लिहिलंय की दर रिलीजला दीडशेच्या आसपास ड्रॉइंग्ज एकेक उघडून प्लॉट द्यावी (म्हणजे छापावी) लागतात आणि दिवस त्यातच जातो. मी नाशिकला, अंबड एमआयडीसीत फिक्श्चर डिझाइनचं काम करतो. हा त्रास मीही बरीच वर्षं काढलाय.

सुरुवात पेज सेटअपपासून करा. प्रिंटर, कागद, सीटीबी (रेषांचे रंग-जाडी कशी छापायची ते ठरवणारी फाइल), स्केल हे सगळं लेआउटमध्येच (छापायच्या पानाच्या टॅबमध्ये) एका नावानं साठवलेलं हवं. जुन्या फाइल्समध्ये ते 'पीसेटअपइन' कमांडनं आणता येतं. हे नीट नसेल तर कुठे बॉर्डर कापली जाईल, कुठे रेषा रंगीत येतील.

मग 'पब्लिश' (अनेक ड्रॉइंग्ज एकदम छापायची कमांड) उघडून फाइल्स त्यात टाका, मॉडेल टॅबची (जिथे मूळ ड्रॉइंग काढतो त्या टॅबची) पानं यादीतून काढून टाका, सगळ्यांना तोच सेटअप द्या. ही यादी डीएसडी फाइल म्हणून सेव्ह होते, पुन्हा वापरता येते. बहुतेकांचं काम इथेच भागतं, स्क्रिप्टच्या (ओळीनं लिहून ठेवलेल्या कमांडच्या फाइलच्या) मागे लागू नका.

रोज रात्री आपोआपच व्हायला हवं असेल तर 'एसीकोअरकन्सोल' आहे, ऑटोकॅड 2013 पासून सोबतच येतं. खिडकी न उघडता ते ड्रॉइंग घेऊन स्क्रिप्ट चालवतं. स्क्रिप्टमध्ये प्लॉटच्या आधी हायफन लावा, म्हणजे डायलॉग न उघडता प्रश्न कमांड लाइनवर येतात. 'बॅकग्राउंडप्लॉट' (मागच्या मागे छापण्याचं सेटिंग) 0 ठेवा. आणि जपा: स्क्रिप्टमध्ये मोकळी जागासुद्धा एंटर धरली जाते. एक स्पेस जास्त पडली की पुढची सगळी उत्तरं सरकतात. म्हणून एकदा हातानं प्लॉट देऊन प्रश्नांचा क्रम कागदावर उतरवा.

आता खरं सांगायचं ते. एकेक फाइल उघडताना आपली नजर टायटल ब्लॉकवरून (ड्रॉइंगचं नाव, नंबर, रिव्हिजन लिहिलेल्या चौकटीवरून) फिरत असते, ती तपासणी आपोआप छापताना जाते. आमच्याकडे एकदा फोल्डरमध्ये एकाच ड्रॉइंगच्या आर1 (जुनी रिव्हिजन) आणि आर2 (नवी) दोन्ही राहिल्या, दोन्ही छापल्या गेल्या आणि व्हेंडरच्या हाती आर1 पडली. 32 चा बोअर (भोक) 35 चा झाला. मोठं झालेलं भोक लहान होत नाही, सगळ्या प्लेटी भंगारात गेल्या.

तेव्हापासून छापायची यादी मी फोल्डरवरून घेत नाही, ड्रॉइंग रजिस्टरवरून (कोणत्या ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन चालू आहे त्या नोंदीवरून) घेतो. आधी सगळ्याच्या पीडीएफ काढतो. त्यांची संख्या आणि रिव्हिजन रजिस्टरशी जुळल्या की मगच प्लॉटरला देतो.